लाकडावरची पिझ्झा भट्टी घरी बांधायची आहे: गावच्या लाल विटा चालतील की फायरब्रिकच हवी?

संत्राबाग

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यात आमचं शेत आहे आणि शेतातच घर. घरासमोरच्या मोकळ्या जागेत लाकडावर चालणारी, विटांचा घुमट असलेली भट्टी बांधायचं पक्कं केलं आहे. पिझ्झा हे पोरांचं कारण. वहिनीला त्यात पाव भाजायचा आहे, आईला वांगी आणि रताळी. डिंक्या रोगाने गेलेली संत्र्याची झाडं काढली, त्यांचं लाकूड गोठ्यामागे वाळून पडलं आहे. त्याला याहून चांगलं काम मला सुचत नाही.

माझं मत आधीच सांगतो. चाकांवरची तयार स्टीलची भट्टी विकत आणण्यात मला रस नाही. आपल्या गवंड्याच्या हातून, होईल तेवढ्या जवळच्या सामानात ती उभी राहावी. पण इथेच अडलं आहे. वीटभट्टीवाले म्हणतात, "आमची वीट आगीतूनच निघाली, तिले आगीचं काय भेव?" नागपूरचा दुकानदार म्हणतो, फायरब्रिक, म्हणजे खास आग सोसणारी वीट, नसेल तर कामाला हातच लावू नका. आतला व्यास तीन फूट धरला आहे. विटा कोणत्या, जोडाई कशात, पाया केवढा, हे ज्यांनी केलं आहे किंवा होताना पाहिलं आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

अकोल्याचा_भाऊ

पह्यला पिझ्झा कोन्या तारखेले हाय तेवढं सांगा. बाकी आमी पाहून घेतो.

वीटकाम

दुकानदार आणि वीटभट्टीवाला दोघेही अर्धं अर्धं खरं सांगत आहेत.

गावची वीट ९००-१००० अंशांवर भाजलेली असते, त्यामुळे नुसत्या उष्णतेने ती वितळणार नाही की राख होणार नाही. पण वीटभट्टीत ती हळूहळू तापते आणि कित्येक दिवसांत थंड होते. पिझ्झाच्या भट्टीत तिला दोन तासांत चारशेच्या वर जायचं असतं, आणि हे दर आठवड्याला. या चढउताराने तिचे पापुद्रे सुटतात. घुमटात ती काही वर्षं निभावते, पण तळाला नको. तळावर पिझ्झा सारायचं फावडं घासतं, जळतं लाकूड आपटतं आणि सुटलेला चुरा थेट पिझ्झ्याला चिकटतो.

आपल्या भागात दुसरी भानगड आहे ती चुनखडीची. काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. विटेबरोबर तेही भाजले जातात, त्यांचा कळीचा चुना होतो, आणि पुढे ओल लागली की तो फुगून विटेचा टवका उडवतो. लाल विटा घ्यायच्याच असतील तर आधी पाच-दहा विटा दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा. पांढरा ठिपका फुटून खड्डा पडला की ती गाडी परत पाठवा. दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहा, खणखणीत आवाज आला पाहिजे.

माझा सल्ला: तळ आणि तोंडाची कमान फायरब्रिकची, घुमटाचं ऐपतीप्रमाणे, बाहेरचं सगळं गावच्या विटांचं.

रोडगेप्रेमी

वाद म्हणून लिहीत नाही, मनापासून विचारतो. ज्या मुलखात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात, त्या मुलखात ही भट्टी हवी कशाला? कणकेच्या एकात एक घातलेल्या पाऱ्या, बाहेरची करपली तरी आतली मऊ राहते, वरून तूप आणि बाजूला वांग्याची भाजी. ना पाया, ना घुमट. शेतात कुठेही गोवऱ्या रचा, पेटवा, धग बसली की रोडगे पुरा. आपल्याकडची भाजण्याची रीत पोरांना कोणी दाखवतच नाही, मग त्यांना पिझ्झा मोठा वाटतो.

वैनगंगाकाठ

@रोडगेप्रेमी, भाऊ, इकडे भंडाऱ्याकडे लग्नाच्या पंगतीत उलट्या मडक्यावर लंबी रोटी टाकतात, तेही बघून घ्या. दोन्ही हातांवर कणीक झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि तापल्या मडक्यावर सोडायची. करणाऱ्या बायांच्या हाताला जे ठाऊक असतं ते कोणत्या पुस्तकात सापडणार नाही. पण म्हणून भट्टी नको असं मी म्हणणार नाही. तीन वेगळ्या आगी आहेत: गोवरीचा आर, मडक्याखालची जाळ आणि घुमटातली धग. प्रत्येकीत वेगळं भाजतं.

माझा मुद्दा दुसरा आहे. पक्क्या विटांचा खर्च करण्याआधी मातीची भट्टी का नाही? चिकणमाती आणि रेती एकास दोन ते तीन, पायाने तुडवून. ओल्या रेतीच्या ढिगावर चार बोटं जाड थर थापायचा, सुकत आला की आतली रेती तोंडातून काढून टाकायची. वरचा दुसरा थर मातीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कालवून. तणशीमुळे त्यात हवा राहते आणि धग धरून ठेवली जाते. पैशाचा खर्च जवळजवळ नाही.

फक्त शुद्ध काळी माती वापरू नका. ती सुकताना इतकी आकसते की घुमट भेगांनी भरून जाईल. कुंभार जी माती वापरतो ती मागा.

वीटकाम

@वैनगंगाकाठ, मातीची भट्टी उत्तमच. पण तिच्यावर छप्पर हवंच आणि दरवर्षी लिंपण हवं. ज्या घरात चुलीला पोतेरं फिरवणारं कोणी आहे तिथे ती टिकते. संत्राबाग यांना वर्षानुवर्षं पाव भाजायचा आहे, म्हणून विटा बऱ्या.

सिव्हिलवाला

सगळे घुमटावर बोलत आहेत, मी जमिनीवर बोलतो. विदर्भात भट्टी फुटते ती खालून.

वजन काढा. फायरब्रिक नऊ बाय साडेचार बाय तीन इंचांची, एक वीट चार किलोच्या आसपास. तीन फुटी घुमटाला अर्ध्या विटा लावल्या तर सव्वाशे-दीडशे पूर्ण विटा तळासकट लागतील, म्हणजे अर्धा टन तिथेच. त्याखाली पाच बाय पाच फुटांचा स्लॅब, पाऊण टनाच्या घरात. कमरेएवढा विटांचा ओटा, दीड-दोन टन. सगळं मिळून तीन टन एका छोट्या चौकोनावर बसणार.

आता काळी माती. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी तो चौकोन वर उचलला जातो आणि खाली बसतो, तोही एका बाजूने जास्त. वर कितीही महागडी वीट लावा, कमानीत चीर जाणारच.

म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम खोल असेल तर निदान अडीच-तीन फूट काळी माती पूर्ण काढा आणि मुरूम भरा. एकदम ओतू नका. अर्ध्या अर्ध्या फुटाचा थर, पाणी, धुम्मस. त्यावर गिट्टीचं सोलिंग आणि मग सळईचा स्लॅब, भट्टीपेक्षा चारी बाजूंनी फूटभर मोठा. छपराचं पाणी पायापासून लांब काढा. घरामागच्या नहाणीचं पाणी तिकडे मुरत असेल तर जागाच बदला.

पऱ्हाटी

आमच्याकडे यवतमाळच्या उतारावर दीड फुटावर मुरूम लागते, तिथे एवढं लागत नाही. वरूडच्या भारी जमिनीत मात्र सिव्हिलवाला भाऊ म्हनतात ते सोळा आणे खरं.

बेकरीघर

आमची अमरावतीकडे लाकडाच्या भट्टीची बेकरी होती. धग आणि आकार यावर लिहितो.

घुमटाची उंची आणि तोंडाची उंची यांचं नातं पाळा. तोंड घुमटाच्या उंचीच्या साधारण ६३ टक्के. तीन फूट व्यासाला अर्धगोल केला तर उंची अठरा इंच, तोंड सव्वाअकरा इंच. तोंड याहून उंच ठेवलं की धग धुरासोबत बाहेर जाते, फार बुटकं ठेवलं की आग गुदमरते. थंड हवा तोंडाच्या खालच्या अर्ध्यातून आत शिरते आणि धूर वरच्या अर्ध्यातून बाहेर येतो, म्हणून धुरांडं घुमटाच्या डोक्यावर नसतं. ते तोंडाच्या बाहेर, पुढच्या छोट्या कमानीवर येतं. गवंडी हमखास घुमटाला मधोमध भोक पाडायला निघतो, त्याला आधीच समजावून ठेवा. तीन फुटी भट्टीला सहा इंची पाइप पुरतो.

तळाच्या विटा जोडाईच्या मसाल्यात बसवू नका. बारीक रेती आणि फायर क्लेचा (आग सोसणाऱ्या मातीचा) पातळ थर, त्यावर विटा कोरड्या, एकमेकींना खेटून. फावडं सरळ आत जातं म्हणून विटा तिरप्या लावा, नाहीतर पुढचा काठ दर वेळी कुठेतरी अडतो. घुमट तळाच्या भोवतीने उभा केला, तळावर नाही, तर पुढे एखादी वीट फुटली तरी ती एकटी काढून बदलता येते.

भट्टी तापली हे डोळ्यांनी कळतं. पेटवल्यावर आधी घुमट आतून काळाकुट्ट होतो. तास-दीड तासाने माथ्यावरची काजळी जळायला लागते, तिथून पांढरा डाग पसरत पसरत खाली उतरतो. सगळा घुमट स्वच्छ झाला की निखारे एका बाजूला सारायचे, तळ ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा आणि सुरुवात करायची. नेपल्सच्या पद्धतीत तळ ४३० आणि घुमट ४८५ अंशांच्या आसपास असतो, पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. तिथल्या कारागिरांची संघटना १९८४ पासून हे नियम सांभाळते, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने ती कला वारशाच्या यादीत घेतली. घरी एवढी धग दर वेळी गाठायची गरज नाही. साडेतीनशेवर तीन-चार मिनिटांत होणारा पिझ्झाही छान लागतो.

अकोल्याचा_भाऊ

नव्वद सेकंद? आमच्या घरी तेवढ्या वेळात पाव्हन्याले पानी पन येत नाही.

वणीकर_चुना

जोडाईबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नुसत्या सिमेंट-रेतीत घुमट जोडू नका. चारशे अंशांच्या पुढे सिमेंटमधला बांधणारा भाग सुटायला लागतो, मग पावसाची ओल लागली की सांधा भुसभुशीत होतो. घरी बनवायच्या मसाल्याचं चालतं प्रमाण असं: बारीक रेती तीन, सिमेंट एक, चुना एक, फायर क्ले एक, सगळं मापाने. सिमेंट सुरुवातीला पकड देतं, ते थकलं की चुना आणि फायर क्ले सांभाळतात.

चुना आमच्या वणीजवळच्या राजूरला भट्ट्यांवर मिळतो. फायर क्ले चंद्रपूर भागातच निघतो, तेव्हा लांब जायचं कारण नाही. आणि सांधे आतून जितके बारीक तितके चांगले. वीट ऐवजी मसाला आगीला तोंड देत असेल तर ती जोडाई टिकत नाही.

फायरब्रिकमध्ये आयएस ६ आणि आयएस ८ अशा दोन जाती दुकानात दिसतील. आठ नंबर कारखान्यांच्या जास्त उष्णतेसाठी. घरच्या भट्टीला सहा नंबर पुरेशी आहे.

संत्राबाग

फार मोलाची माहिती मिळते आहे, सगळ्यांचे आभार. एक प्रश्न. एका ओळखीच्या भंगारवाल्याकडे कारखान्यातून निघालेल्या जुन्या भट्टीच्या विटा आहेत, बऱ्याच स्वस्त. घेऊ का?

वीटकाम

कोणत्या भट्टीतून निघाल्या हे छातीठोकपणे कळत नसेल तर नाही. पोलाद वितळवायच्या भट्ट्यांत मॅग्नेसाइट-क्रोमच्या विटा असतात, काळपट आणि हाताला जड. त्या अन्नाजवळ नको. पिवळसर, हलक्या रंगाची, स्वच्छ आणि काहीही न चिकटलेली वीट असेल तरच विचार करा. तसंच जुने सिमेंटचे पत्रे फोडून आत भरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यांत ॲस्बेस्टॉस असतं.

पऱ्हाटी

सरपणाचं बोला आता. संत्र्याचं लाकूड भारी आहे, घट्ट, निखारा टिकवनारं. बाभूळ तर आपली हक्काची. माझ्या मते गंमत पऱ्हाटीत, म्हन्जे कपाशीच्या वाळल्या झाडांत आहे. बाभळीने भट्टी तापवून घ्या, आनि पिझ्झा आत सारताना दोन मुठी वाळल्या पऱ्हाट्या निखाऱ्यावर टाका. जाळ सर्रकन घुमटाले चाटून पुढे येते आनि वरची बाजू भाजते. तुराट्याही चालतात.

कृषीमित्र_वर्धा

@पऱ्हाटी, एक विनंती. पऱ्हाटीची गंजी घराजवळ किंवा बांधावर पुढच्या हंगामापर्यंत रचून ठेवू नका. गुलाबी बोंडअळी त्यातल्या वाळल्या बोंडांत दबून राहते आणि नव्या कपाशीवर येते. भट्टीसाठी हवी तेवढी पऱ्हाटी बोंडं झाडून घ्या आणि उन्हाळ्यातच संपवा. बाकीची शेतात बारीक करून मातीत जाऊ द्या. बोंडअळीने आपल्या जिल्ह्यांत काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

पऱ्हाटी

मान्य. बोंडं झाडूनच आनीन.

आर्वीची_लेक

कण्हेरीची फांदी चुकूनही जाळू नका, अंगणात असते म्हणून सांगते. तिचा धूरही विषारी. रंगवलेली फळकुटं आणि प्लायवूड पण नको. कडुनिंबाबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. मी टाळते, कारण त्याच्या ओल्या लाकडाचा वास मला अन्नात जाणवतो.

आणि सागवान, मोहा, आंबा, चिंच ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडायचं नाही. संत्रा, बाभूळ असताना त्यांच्या वाटेला जायची गरजही नाही.

मोकळा_श्वास

मला सरळ विरोध नोंदवायचा आहे. गॅस दारात आल्यावर पुन्हा लाकडाच्या धुरात जायचं कशासाठी? मुंबईत २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं. आमच्या आईने आयुष्यभर चुलीपुढे फुंकणी मारली, तिचा खोकला मी लहानपणापासून ऐकला आहे. धुराचं कौतुक मला करवत नाही.

बेकरीघर

@मोकळा_श्वास, तुमच्या आईंबद्दल जे लिहिलं ते मनाला लागलं, आणि ते खरं आहे. बंद घरातली चूल आणि रोजचा धूर यांचा बचाव कोणी करू नये. शहरात रोज चालणाऱ्या बेकरीची गोष्टही वेगळी. पण इथे उघड्यावर, महिन्यातून एक-दोनदा पेटणारी भट्टी आहे. वर्षभर वाळलेलं लाकूड असेल तर धूर पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांतच असतो. भट्टी तापल्यावर धूर आतच जळतो, धुरांड्यातून नुसती उष्ण हवा निघते. तापल्यावरही धूर येत असेल तर लाकूड ओलं आहे. धुरांडं मात्र माणसाच्या डोक्यापेक्षा चांगलं उंच न्या, शिजवणाऱ्याच्या नाकाशी नको.

मोकळा_श्वास

उघडी जागा आणि वाळलेलं लाकूड ही अट संत्राबाग पाळणार असतील तर माझा विरोध मागे. पण ही अट वर्षभरानंतरही पाळली जावी.

सिव्हिलवाला

धुरापेक्षा ठिणगी बघा. खेड्यात उन्हाळ्यात अंगणाशेजारी काय असतं? कुटाराचा (भुशाचा) ढीग, कडब्याची गंजी, कापूस भरलेली खोली. मे महिन्यात दुपारी वारा सुटला की एक ठिणगी पुरते. सोयाबीनचं कुटार तर पाहता पाहता पेटतं. संत्राबाग, तुम्ही लाकूड गोठ्यामागे ठेवलं म्हणालात, भट्टी गोठ्याच्या उलट्या बाजूला घ्या. आपल्याकडे उन्हाळी वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, त्याच्या वाटेत गंजी येऊ नये. धुरांड्याच्या तोंडाला जाळी लावा आणि पेटवण्याआधी दोन बादल्या पाणी भरून शेजारी ठेवा.

धानवाला_गोंदिया

धग धरून ठेवायचा विषय राहिला. घुमट बांधून त्यावर सरळ प्लास्टर केलं तर अर्धी धग बाहेर जाते आणि लाकूड दुप्पट लागतं. घुमटावर सिरॅमिक फायबरची चादर गुंडाळतात, दोन-तीन इंच. ती लावताना हातमोजे आणि चांगला मास्क घाला, तिचे तंतू फुप्फुसाला वाईट. त्यावर व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट (धग अडवणारी हलकी, फुगवलेली खनिजं) पाच आणि सिमेंट एक असा थर, मग प्लास्टर.

पण तळाखाली काय? तिथेच बहुतेक जण विसरतात, आणि सगळी उष्णता स्लॅब पिऊन टाकतो. इकडे राईस मिलमध्ये धानाच्या तुसाची राख ढिगाने पडते. ही राख धग अडवायला इतकी चांगली की पोलाद कारखान्यात वितळलेल्या धातूवर झाकण म्हणून पसरतात. राख आणि थोडं सिमेंट कालवून स्लॅबवर चार इंचांचा थर द्या, त्यावर रेती, त्यावर फायरब्रिक. कोरडी राख उडवू नका, तिच्यात सिलिका असते. पाणी शिंपडून, नाकाला बांधूनच काम. हीच काळजी फायरब्रिक कटरने कापतानाही. कापायच्या आधी विटा पाण्यात बुडवून घ्या.

वैनगंगाकाठ

तुसाची राख लिहिली, जिंकलंत भाऊ.

संत्राबाग

आता गवंड्याचा प्रश्न. आमचे मिस्त्री भिंती सुरेख चढवतात, पण घुमट म्हटलं की मान हलवतात. "खालून टेका नाही त राहीन कसं?" म्हणतात. सेंटरिंगचा खर्च करावा लागेल का?

कृषीमित्र_वर्धा

गोबर गॅस बांधणारा मिस्त्री शोधा! दीनबंधू पद्धतीचा गोबर गॅस १९८४ मध्ये आला, त्याचा विटांचा घुमट टेक्याशिवायच चढतो. मध्यभागी खुंटी, तिला दोरी, प्रत्येक वीट दोरीच्या मापाने लावायची. आपल्या जिल्ह्यांत असे किती तरी संच झाले, ते बांधणारे हात अजून गावोगाव आहेत. आता साठी-पासष्टीचे असतील, पण बसल्या जागेवरून तुमच्या मिस्त्रीला शिकवतील. दोरीच्या ऐवजी बिजागरीवर फिरणारी लोखंडी दांडी लावली तर माप आणखी नेमकं येतं. प्रत्येक रांग पूर्ण गोल झाली की ती स्वतःला धरते. वरच्या तीन-चार रांगांना तेवढा ओल्या रेतीचा ढीग आधाराला द्या, ढिगावर ओले कागद.

संत्राबाग

अहो, आमच्या शेजारच्या गावातच असे एक काका आहेत! आमच्या घरचा जुना गोबर गॅस त्यांनीच बांधला होता. उद्याच जातो.

नागपुरी_तर्री

तोवर वरून काय घालायचं ते ठरवू. माझं मत: सावजी चिकन, रस्सा आटवून कोरडं केलेलं, वर कांदा.

आर्वीची_लेक

@नागपुरी_तर्री, सावजी मसाल्याचं तेल कडेने सुटून तळावर जाईल आणि भडका उडेल. चमचाभरच घ्या. माझ्याकडून भाजलेल्या वांग्याचा गर, लसूण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. चीज कमी.

अकोल्याचा_भाऊ

वरूडचे लोक संत्र्याच्या फोडी टाकतीन पाहा.

संत्राबाग

आमची संत्री खायची आहेत, लाकूड जाळायचं आहे. अदलाबदल होणार नाही.

आर्वीची_लेक

कणकेचं लिहिते, कारण पुस्तकातली कृती आपल्या मे महिन्यात चालत नाही. त्या कृतीत "खोलीच्या तापमानाला" आठ तास लिहिलेलं असतं, ती खोली वीस-बावीस अंशांची. आपल्याकडे बाहेर पंचेचाळीस, घरात अडतीस. तेवढ्या वेळात पीठ फसफसून आंबट होतं आणि लाटायला गेलं की फाटतं. मी फ्रिजचं पाणी घेते, यीस्ट अगदी चिमूटभर, मळून झाकून थेट फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी काढते. एक किलो मैद्याला सहाशे मिली पाणी. साखर घालत नाही, एवढ्या धगीत साखरेचं पीठ आतून शिजायच्या आधी बाहेरून करपतं. फावड्यावर जाड रवा भुरभुरला की पिझ्झा सरकून उतरतो. फावडं सुताराकडून हलक्या लाकडाचं करून घ्या, पुढचा काठ धार लावल्यागत पातळ हवा.

पिझ्झे झाले की निखारे ओढून काढा, दार लावून अर्धा तास थांबा. धग सगळीकडे सारखी झाली आणि २३०-२५० वर आली की वहिनींचा पाव. त्यानंतर वांगी आणि रताळी. रात्री उरलेल्या धगीत तुरीची डाळ झाकून ठेवा, सकाळी पाहा.

रोडगेप्रेमी

धागा सगळा वाचला. माझं म्हणणं मागे घेत नाही, पण डाळीचं वाचून मन थोडं वळलं. एक करा. भट्टी झाली की निखारे काढल्यावरच्या धगीत रोडगे लावून पाहा. आधी पाण्यात उकळून घेऊ नका, कच्चेच लावा. माझा अंदाज असा की भाजतील बरोबर, पण गोवरीच्या आराचा जो वास कवचाला लागतो तो येणार नाही.

वैनगंगाकाठ

आणि मडकं उलटं ठेवून त्यावर... नको, लंबी रोटीला हातभर मोकळी जागा लागते, घुमटात बसणार नाही. ती मडक्यावरच बरी.

संत्राबाग

काकांना भेटून आलो. हो म्हणाले. आमच्या मिस्त्रींना सोबत घेऊन बसले आणि कोळशाने ओट्यावर घुमट काढून दाखवला, विटेचा कोन कुठे किती पडतो तेही. त्यांनीही लाल विटेबद्दल वीटकाम यांच्यासारखंच सांगितलं, चुनखडीसकट.

तर ठरलं ते असं. तळ, तोंडाची कमान आणि घुमट सहा नंबर फायरब्रिकचा. ओटा आणि बाहेरची गवसणी गावच्या विटांची, पाण्यात बुडवून पाहिलेल्या. मसाला वणीकर यांच्या प्रमाणाने. तळाखाली गोंदियाच्या तुसाची राख, मामेभाऊ तिरोड्याहून पाठवतो आहे. पैसा वाचवायचा तो बाहेरच्या सजावटीत, पाया आणि आतल्या विटांत नाही. खोदकाम सुरू केलं, मुरूम अजून लागलेला नाही.

बांधून झाल्यावर पहिली आग कधी?

बेकरीघर

घाई करू नका. घुमट पूर्ण झाल्यावर आठवडाभर ओलं बारदान टाकून ठेवा. आपल्या उन्हात दिवसातून तीन-चारदा पाणी मारावं लागेल, नाहीतर मसाला पकड धरण्याआधीच सुकेल. मग आठवडाभर नुसती सुकू द्या. त्यानंतर लहान लहान आगी. पहिल्या दिवशी शंभर अंशांच्या आसपास, काडीकचऱ्याची, काही तास. रोज पन्नासेक अंशांनी चढवत जा. एसीवाल्यांकडे लांबून तापमान दाखवणारी बंदूक असते, ती मागून आणा. विटांत मुरलेलं पाणी वाफ होऊन हळू निघालं पाहिजे. एकदम मोठी आग केली तर वाफेला वाट मिळत नाही आणि घुमट तडकतो. सुरुवातीला बाहेरून ओल फुटलेली दिसेल, घाबरू नका. केसाएवढ्या बारीक चिरा पडतील, त्यांनीही काही होत नाही.

फायबरची चादर आणि प्लास्टर या लहान आगी झाल्यावर करा, म्हणजे ओल निघायला मोकळी वाट राहते.

सिव्हिलवाला

मृगाच्या आधी वर टिनाचं शेड हवं. धुरांडं टिनातून जाईल तिथे चारी बाजूंनी मोकळी जागा सोडून पत्र्याची कॉलर लावा, लाकडी वासा जवळ येऊ देऊ नका.

संत्राबाग

आज सकाळी पावणेतीन फुटावर मुरूम लागला. लोहाराकडे दाराचं सांगायचं आहे, माप काय देऊ?

बेकरीघर

तोंड बांधून झाल्यावर माप घ्या, आधी देऊ नका. पुठ्ठ्याचा साचा कापून तोंडात बसवून पाहा आणि तोच लोहाराला द्या. दार दोन पत्र्यांचं, मध्ये फायबरची उरलेली चादर भरलेली, मूठ लाकडाची. कमानीत आत ढकलून घट्ट बसेल असं, बिजागरी नको. बिजागरी तापून वाकते आणि उघडताना फावड्याच्या मध्ये येते.